लहान इंजिनाचा श्वास

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात भाषणाला उभे राहणाऱ्याने आठवणी सांगाव्यात, असा संकेत आहे. तो संकेत मी आज मोडणार आहे. विज्ञान मंडळाच्या विद्यार्थ्यांनी मला एक प्रश्न लिहून पाठवला आणि त्याचे उत्तर देणे मला अधिक उचित वाटते. प्रश्न असा : "मोटारींना टर्बो असतो, मग शंभर सीसीच्या मोटारसायकलला किंवा मोपेडला तो का नसतो? बसवला तर ताकद वाढेल का?" या प्रश्नामागे निव्वळ कुतूहल नाही, हे मी जाणतो. 'टर्बो' नावाचे विजेवर फिरणारे छोटे पंखे बाजारात विकले जातात. साठवलेले पैसे त्यांवर घालवणारी मुले आपल्यातच आहेत आणि त्यांच्या गाडीवर मागे बसणारी धाकटी भावंडेही आपल्यातच आहेत. म्हणून उत्तर काळजीपूर्वक दिले पाहिजे.

इंजिनाची ताकद पेट्रोलात असते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळण्यास सुमारे पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाढवणे सोपे. हवा वाढवणे अवघड. पिस्टन खाली सरकतो तेव्हा बाहेरच्या वातावरणाचा दाब हवेला आत ढकलतो आणि तेवढ्यावरच इंजिनाला भागवावे लागते. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. म्हणूनच किनाऱ्यावर तरतरीत चालणारी गाडी तेथे दमते. याच्या उलट, हवा दाबून आत भरली तर ताकद वाढली पाहिजे. हे काम करणारा पंप क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरवला तर त्याला सुपरचार्जर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोतावर टर्बाइन फिरवून चालवला तर टर्बोचार्जर. दुसऱ्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले.

दुचाकीवर हे साधते का? निश्चित साधते. १९३८ साली डीकेडब्ल्यूच्या २५० सीसी आणि १९३९ साली बीएमडब्ल्यूच्या ५०० सीसी सुपरचार्ज केलेल्या गाड्यांनी आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यती जिंकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर शर्यतींत सुपरचार्जरवर बंदीच घालावी लागली. १९८२ साली होंडाने ५०० सीसीच्या गाडीला टर्बो जोडला, तेव्हा सुमारे पन्नास अश्वशक्तीचे इंजिन ८२ अश्वशक्तीपर्यंत गेले. यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांनीही तशा गाड्या काढल्या. पण काही वर्षांतच चारही कंपन्यांनी तो नाद सोडला. २०१५ च्या सुमारास कावासाकीने ९९८ सीसीच्या गाडीवर सुपरचार्जर आणला. त्याचे पाते मिनिटाला सुमारे १ लाख ३० हजार फेरे घेते. प्युजो या फ्रेंच कंपनीने तर १२५ सीसीच्या स्कूटरला सुपरचार्जर बसवून विकला आणि १५ च्या जागी सुमारे २० अश्वशक्ती मिळवली. तेव्हा "वाढेल का?" या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. मात्र खरा प्रश्न पुढचा आहे : कमाई किती आणि खर्च किती?

आपण जमाखर्च मांडू. शंभर सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांवर ४००० वेळा श्वास घेते. प्रत्येक श्वासात सिलिंडर तीन-चतुर्थांश भरतो असे धरले, तर मिनिटाला ३०० लिटर, म्हणजे सेकंदाला पाच लिटर, म्हणजेच सुमारे सहा ग्रॅम हवा आत जाते. एवढ्या हवेवर साधारण आठ अश्वशक्ती मिळते. आता ही हवा वातावरणाच्या दीडपट दाबाने भरू. ताकद दीडपट होईल, बारा अश्वशक्ती मिळेल, असे वाटते. तसे होत नाही, कारण दाबलेली हवा तापते. सायकलच्या पंपाचे बूड हवा भरताना गरम होते, हे तुम्ही अनुभवलेले आहे. गरम हवा विरळ असते आणि सिलिंडरला हवेचा दाब नव्हे, हवेचे वजन हवे असते.

पंपाची कार्यक्षमता ६० टक्के असेल तर २७ अंशांची हवा सुमारे ८८ अंशांना बाहेर पडते आणि सिलिंडरात २५ टक्केच जास्त हवा जाते. आठाचे दहा झाले. पण पंप फिरवायला सुमारे ०.६ अश्वशक्ती लागली. हाती उरली ९.४. कार्यक्षमता ४० टक्क्यांवर आली तर हवा ११९ अंशांना पोचते, भरणा १५ टक्केच वाढतो आणि पंप जवळजवळ ०.८५ अश्वशक्ती खातो. हाती सव्वाआठ-साडेआठ उरते. त्यातून पट्ट्याचे आणि बेअरिंगचे घर्षण वजा केले, तर सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल.

लहान इंजिनाचे दुर्दैव हे की त्याच्या वाट्याला हा दुसरा हिशेबच येण्याचा संभव अधिक. पंपाचे चाक लहान केले तरी पाते आणि आवरण यांच्यामधील फट त्याच प्रमाणात लहान करता येत नाही. फटीतून गळणाऱ्या हवेचा वाटा वाढतो आणि कार्यक्षमता घसरते. शिवाय एका सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेते; पंप मात्र सतत वाहतो. मधल्या वेळची हवा साठवायला पेटी हवी. कार्बोरेटरच्या वाटीतही तोच दाब पोचवावा लागतो, नाहीतर पेट्रोल उलटे दाबले जाते. जपानमध्ये ६६० सीसीच्या छोट्या मोटारींना टर्बो लाभतो. पण तेथे बहुधा तीन सिलिंडर असतात आणि हवेचा प्रवाह आपल्या शंभर सीसीच्या सहा-सातपट असतो.

लूना आणि टीव्हीएस ५० या मोपेडवर तुमच्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा नोकरीला गेले. त्यांची इंजिने टू-स्ट्रोक होती. तेथे अडचण आणखी वेगळी आहे. ताजे मिश्रण आत येते तेव्हा धुराचे द्वारही उघडेच असते. दाबून भरलेले मिश्रण सरळ सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. हा भोक असलेल्या घागरीत पाणी भरण्याचा प्रकार आहे.

या घागरीचे भोक बुजवण्याची युक्ती पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी विकसित केली. त्यांनी पंप जोडला नाही. सायलेन्सरची नळी आधी रुंदावत आणि मग निमुळती होत जाईल अशी घडवली. धुराची दाबलहर निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारे मिश्रण नेमक्या क्षणी सिलिंडरात ढकलते. १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले होते. हवा दाबून भरण्याचे काम येथे नळीच्या आकाराने केले, फिरणाऱ्या एकाही जादा भागाशिवाय. अर्थात हा लाभ फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच मिळतो. बाजारहाटीच्या गाडीला तो सोसत नाही.

आता बाजारातल्या पंख्याकडे वळू. वरच्या हिशेबातील ०.६ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४५० वॅट. बारा व्होल्टवर त्यासाठी जवळजवळ ४० अँपिअर प्रवाह लागेल. तीन अँपिअर-तासांची बॅटरी पाच मिनिटांत संपेल. दहा-वीस वॅटचा पंखा हवेला दाब देत नाही, फक्त आवाज देतो. कोणी पुढे नरसाळे लावून वाऱ्याचा झोत आत घ्यायला सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मिळणारा जादा दाब वातावरणाच्या हजारात दोन भागांहूनही कमी असतो.

समजा, कुशल कारागिराने खरोखर २५ टक्के ताकद वाढवून दिली. मग वेग किती वाढेल? वाऱ्याचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सव्वापट ताकदीने कमाल वेग सुमारे आठ टक्केच वाढतो. ८० चे ८६ होतात. त्या सहा किलोमीटरांसाठी पिस्टन अधिक तापतो, नॉकिंग सुरू होऊन त्याला भोकही पडू शकते. ब्रेक, चेन आणि टायर मात्र जुनेच राहतात. इंजिन चालत्या गाडीत जाम झाले की मागचे चाक अडकते. त्या क्षणी मागे बसलेल्याचे काय होईल, याचा विचार पंखा विकणाऱ्याने केलेला नसतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही.

मित्रहो, हात बांधून बसा, असे मला सुचवायचे नाही. शाळेच्या कार्यशाळेत जुने इंजिन बाकावर घट्ट बांधा, शिक्षकांच्या देखरेखीखाली चालवा, तापमान आणि फेरे मोजा, वहीत टिपा. रस्त्यावर जे प्राणावर बेतते, ते बाकावर शिक्षण ठरते.

महाराष्ट्रापासून दूर, वेगळ्या भाषेच्या प्रदेशात आपली शाळा हीरक महोत्सवापर्यंत आली. आपल्या गॅरेजचा मिस्त्री एक भाषा बोलतो, इंजिनाचे पुस्तक दुसरीत छापलेले असते, पण "यात जमा किती, खर्च किती?" हा प्रश्न तुमच्या मनात मराठीत उमटतो. तो विचारण्याची सवय या वर्गांनी तुम्हाला लावली आहे. कोणीही ताकद स्वस्तात देऊ करील तेव्हा तो विचारा, उत्तर आकड्यांत मागा, आणि आकडे मिळाल्याखेरीज खिशात हात घालू नका.