निवडक प्रल्हाद शिंदे

श्रोतेहो, एखाद्या गायकाची गाजलेली गाणी एकत्र करून कंपनी कॅसेट काढते, तेव्हा तीत एकही गाणं नवं नसतं. तरी ती खपते. का खपते, हे मला नांदेडला इतवाऱ्यात आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने लातूरला गंजगोलाईत, कॅसेटच्या दुकानांसमोर उभं राहून कळत गेलं. नवं काही ऐकायला गिऱ्हाईक येतच नसे. पैसे मोजायचे तर एकही गाणं पुढे ढकलावं लागू नये, एवढाच त्याचा हिशेब. आणि आमच्या भागात हा हिशेब बऱ्याचदा प्रल्हाद शिंदे यांच्या नावावर मांडला जाई.

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३चा, निधन २३ जून २००४ रोजी. वामनदादा कर्डक त्याच वर्षी, १५ मे रोजी गेले होते. सव्वा महिन्यात दोन मोठे आवाज थांबले. शिंदे घराणं मूळचं मंगळवेढ्याचं. आईवडील गाणारे. तरुणपणी ते इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसला होते. 'अल हिलाल' या १९५८च्या चित्रपटातल्या कव्वालीने घराघरांत पोहोचलेले ते इस्माईल आझाद. कोरसमध्ये टाळी धरायची आणि मुख्य गायकाने टाकलेली ओळ वरच्या वर झेलायची. हे शिक्षण पुढे प्रल्हाद शिंदे यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांतही ऐकू येतं. मुखडा ते असा फेकतात की मागच्यांना तो झेलावाच लागतो. मी कव्वालीच्या घरात वाढलो. ती फेक मला लांबूनही ओळखू येते.

शिवाय तो आवाज कर्ण्यासाठीच घडवल्यासारखा होता. देवळावरचा पत्र्याचा कर्णा आवाजातला खालचा, मऊ भाग खाऊन टाकतो. भल्याभल्यांचं गाणं त्यातून किरकिरं होऊन बाहेर येतं. प्रल्हाद शिंदे यांचा खडा, वरच्या पट्टीतला स्वर मात्र शेतापलीकडे ऐकू येई, आणि शब्द न् शब्द कळे. मराठवाड्यात ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता, त्यांनाही त्यांची गाणी पाठ होती, ती अशी.

आता कंपन्यांनी काय केलं? या एका माणसाचे तीन गायक केले. भक्तिगीतांची निवडक कॅसेट वेगळी, भीमगीतांची वेगळी, कव्वाल्यांची वेगळी. वेष्टनावर कुठे विठ्ठल, कुठे बाबासाहेब, कुठे दर्ग्याचा घुमट. व्यापाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हतं. आषाढीला पहिली खपे, एप्रिलमध्ये दुसरी, कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस आला की तिसरी. माळेगावच्या यात्रेत हातगाडीवर तिन्ही शेजारी शेजारी मांडलेल्या असत, पण त्यांच्याकडे जाणारे हात बहुधा वेगवेगळे.

श्रोतेहो, हे मला साधं वाटत नाही. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. प्रल्हाद शिंदे तेव्हा चौदा वर्षांचे होते. ज्या मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, ते त्यांच्या घराण्याचं गाव. पुढे जुलै १९७८मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. आमच्या नांदेड जिल्ह्यात तर फारच. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या मधल्या सोळा वर्षांत मी शाळकरी पोराचा नोकरदार झालो. गावच्या देवळावर पहाटे वाजणारा आणि वस्तीतल्या पंचशील ध्वजाखाली रात्री वाजणारा आवाज त्या काळात एकच होता. दोन्हीकडच्या लोकांना ते ठाऊक नव्हतं असं नाही; त्याबद्दल बोलायची रीत नव्हती, इतकंच. वेगवेगळ्या कॅसेटींमुळे ती गरजही उरली नाही.

अखंड प्रल्हाद शिंदे मिळत ते दुकानाच्या मागच्या बाजूला, जिथे कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देत. कोरी कॅसेट साठची किंवा नव्वदची. गिऱ्हाईक यादी सांगे, दुकानदार वहीत उतरवून घेई, दोन दिवसांनी माल तयार. हा धंदा कायद्याला धरून नव्हता, आणि गायकाच्या हाती त्यातला एक पैसाही पडत नसे, हेही सांगितलं पाहिजे. पण ज्याला मी खरी निवड म्हणेन, ती तिथेच होई. "मामू, एका बाजूनं देवाची भरा, दुसऱ्या बाजूनं बाबासाहेबांची," असं एक काळी-पिवळी जीपवाला सांगत होता. मामूंनी मान वर न करता विचारलं, "आणि कव्वाली?" तो म्हणाला, "दोन्हीकडं थोडी थोडी. पाशिंजर सगळ्या जातीचं बसतंय."

पुढे सीडी आली, मग मोबाइलच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणं आलं, आता तर फोनवर तास-तासभराच्या आयत्या याद्या असतात. त्यांतही पुन्हा तेच कप्पे आहेत. आनंद, मिलिंद या मुलांनी आणि मग नातू आदर्श यांनी गाणं पुढे नेलं; त्यांच्याही गाण्यांची अशीच वाटणी झालेली दिसते.

लातूरच्या त्या दुकानात आज मोबाइलची कव्हरं मिळतात. यादीची वही मात्र मामूंच्या मुलाने ठेवली आहे. मागे मी ती चाळली. एका पानावर नाव नाही, नुसतं 'औसा, टेम्पो' असं लिहिलेलं. खाली गाण्यांची यादी: सहा विठ्ठलाची, पाच भीमाची, तीन कव्वाल्या. अगदी तळाला, पेन बदलून, एक ओळ: 'जागा उरली तर पहिलं परत भरणे.'