आधी चालून पाहा



यंदाच्या स्नेहसंमेलनात शाळेनं स्थापत्य अभियंता झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायला मला उभं केलं. या क्षेत्रात संधी काय आहेत ते मुलांना सांगा, असा मुख्याध्यापकांचा आग्रह आहे. पण पहिल्या रांगेत आमचे भूगोलाचे सर बसले आहेत, आणि ते समोर असताना आधी सालबर्डीच आठवते.

सरांनी आमच्या अख्ख्या वर्गाला मोर्शीहून सालबर्डीला पायी नेलं होतं. वाटेत नाला लागला की थांबायचं. पाणी कुठून आलं, कुठं चाललं, हे गोटे इतके गुळगुळीत कसे झाले, असं विचारत विचारत आम्ही माडू नदीपाशी पोचलो. तिथं सरांनी काठाची दरड दाखवली. गोटे, मग वाळू, पुन्हा गोटे. सातपुड्यावरचं पाणी या गोट्यांतून जमिनीत शिरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं, हे त्यांनी तिथं उभं राहून समजावलं. आज मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात संत्र्याचा बगीचा जगवायला कास्तकार हजार फुटांपर्यंत बोअर नेतो आणि कधी कधी वर नुसती धूळ येते. त्या बातम्या वाचताना मला सरांची ती दरड दिसते. सर, तुम्ही मान हलवू नका. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जे शिकलो, त्याची सुरुवात तुमच्या मागं चालताना झाली होती.

म्हणून लेकरांनो, मी आज तुम्हाला एकच गोष्ट सांगणार आहे. चाला. कोणतंही काम हाती घ्या, आधी तिथं पायी जा.

आपल्या वऱ्हाडाची काळी माती घ्या. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. तिच्यावर वरवर पाया घातला तर चार वर्षांत भिंतीला चिरा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो. हे पुस्तकात आहेच. पण मुरूम किती खोल आहे ते शेजारच्या विहिरीत वाकून पाहिल्यावर कळतं, आणि मे महिन्यात त्या वावरातून चाललात तर भेगेत हात किती आत जातो तेही कळतं. तांत्रिक भाग एवढाच पुरे; आता काही अभियंत्यांकडे पाहू.

ज्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, मग खानदेश. धुळ्याकडे दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा सायफन टाकायचं काम या तरुणाकडे आलं तेही ऐन पावसाळ्यात. खडकवासल्याची स्वयंचलित दारं त्यानंतरची, १९०३ ची, आणि भारतरत्न १९५५ चं. सत्कार फार उशिरा येतो, चिखल आधी येतो. चाळीसगावचे जलअभियंते माधवराव चितळे यांना १९९३ मध्ये स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. पाण्याच्या कामासाठी जगात याहून मोठा मान नाही. निवृत्तीनंतरही ते लोकांना पाणी समजावत राहिले, आणि माझ्या मते त्यांची खरी समाजसेवा तीच. मुंबईला पाणी देणाऱ्या वैतरणेच्या तलावाला अभियंता मोडकांचं नाव आहे. मोडकसागर. अभियंत्याचा असा गौरव फार थोड्या ठिकाणी झाला.

आता आपल्या सिंभोऱ्याकडे या. अप्पर वर्धा धरण तिथं आपल्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. अमरावती शहर तिथलं पाणी पितं. तेरा दारं उघडली की आपण सगळे पाहायला धावतो, जरूर धावा. पण नदी सिंभोऱ्याला सुरू होत नाही. ३० जुलै १९९१ ला याच वर्धेच्या पुरानं वरच्या अंगाचं मोवाड गाव बुडवलं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. मागं बसलेल्या पालकांपैकी कित्येकांना तो दिवस आठवत असेल. ज्याला नदीवर काही बांधायचं आहे, त्यानं ती वरपासून चालून पाहिली पाहिजे. काठावरच्या म्हाताऱ्यांना पूर कुठवर आला होता ते विचारलं पाहिजे. ती खूण कोणत्याही नकाशाइतकीच महत्त्वाची आहे.

आणि चालताना बुडीत क्षेत्राच्या काठानंही चाला. या धरणात ज्यांची गावं, वावरं गेली, ते २०२३ मध्ये मागण्या घेऊन आपल्याच मोर्शी तहसीलसमोर मंडप घालून कित्येक दिवस बसले होते. धरण चांगलं बांधणं हे अर्धं काम झालं. ज्यांनी जमीन दिली त्यांचा हिशेब पुरा होईपर्यंत ते काम पुरं झालं असं मी म्हणणार नाही, आणि अभियंता म्हणून तर नाहीच म्हणणार. उजवीकडे बसलेल्या मुलींपैकी ज्यांना अभियंता व्हायचं आहे, त्यांनी हे आत्ताच मनाशी बांधून ठेवावं.

संमेलन समितीला माझी एक विनंती आहे. पुढच्या वर्षी असाच सत्कार ठेवाल तेव्हा आम्हा पदवीधारकांच्या आधी गावाला रोज पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवा, पाया खोदणाऱ्या मजुराला बोलवा, आणि बुडीत गावातल्या एखाद्या आजीला या खुर्चीवर बसवा. त्यांना आणायला गाडी पाठवू नका. नववीच्या मुलांनी त्यांच्या घरापर्यंत चालत जावं.