एका निमंत्रणाची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला 'इंग्लंडचा प्रवास' या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. लंडनचे पूल आणि राजवाडे तुम्ही सर्वांनी पडद्यावर पाहिलेले आहेत. त्यांचे वर्णन करून मी तुमचा वेळ घेत नाही. एका दिवसाच्या पायपिटीची हकीकत तेवढी सांगते. तिच्या शेवटी मला एक कबुलीही द्यायची आहे.

माझी मुलगी न्यूकॅसलला असते. तेथून मोटारीने पश्चिमेला तासाभर गेले की रोमन लोकांची प्रसिद्ध भिंत लागते. हेड्रियन बादशहाच्या हुकमाने इ. स. १२२ मध्ये तिचे काम सुरू झाले. टाइन नदीपासून सॉल्वेच्या खाडीपर्यंत सुमारे ११७ किलोमीटर ती पसरली होती. भिंतीच्या थोडे दक्षिणेला विंदोलांडा नावाचा, भिंतीपेक्षाही जुना किल्ला आहे. आमचे चालणे त्याच्या आसपास होते.

चालण्याचे निमित्त नातीचे. तिला 'जिओकॅशिंग' या खेळाचा नाद आहे. कोणीतरी रानात, वाटेवर एखादा डबा दडवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोनमध्ये ते आकडे घालायचे आणि उपग्रहांच्या मदतीने डबा हुडकून काढायचा. पूर्वी अमेरिकन सरकार या उपग्रहांचे संकेत सर्वसामान्यांसाठी मुद्दाम अंधुक करून ठेवी. २ मे २००० रोजी तो निर्बंध उठला आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने पहिला डबा ठेवला. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत म्हणे!

वन्स ब्रूड नावाच्या ठिकाणी मोटार ठेवून आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणे, दगडावर दगड रचून केलेले बांध आणि तोंडावर झोंबणारा वारा. मी साडीवर मुलीचा रेनकोट आणि पायांत जावयांचे मोजे घातले होते. ते ध्यान तुम्ही पाहिले नाहीत हेच बरे! किल्ल्याच्या पूर्वेला जुन्या रोमन रस्त्याच्या कडेला मैलाचा एक गोल दगड आहे. रोमन लोकांनी रोवला त्याच जागी तो अजून उभा आहे. मी त्याला टेकून जरा दम खाल्ला.

फोन सांगत होता, "पोहोचलात." पण फोनचा अंदाज चार-पाच पावले इकडेतिकडे होतोच, पुढचे काम डोळ्यांनी करायचे. किल्ल्याच्या हद्दीत डबा ठेवायला परवानगी नसते आणि जमीन तर कुठेच खणायची नाही. मी आपली झुडपे उचकटत होते. नात म्हणाली, "आजी, तू घरात डबा लपवायचा असता तर कुठे लपवला असतास?" मी म्हटले, "सगळ्यांच्या पायाखाली." कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या केल्या होत्या, त्यांच्याखाली हात घातला, तो डबा हाताला लागला!

आत एक वही, पेन्सिल, दोन बटणे आणि खेळण्यातली मोटार. एक वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, असा नियम आहे. मी खडीसाखरेची पुडी काढली. पण खाण्याचा जिन्नस चालत नाही, वासाने जनावरे येतात. मग टिकल्यांचे पाकीट ठेवले. वहीत मराठीत सही केली आणि डबा होता तसा ठेवून दिला.

दुपारी किल्ला आणि तेथले संग्रहालय पाहिले. या किल्ल्याच्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांवर शाईने लिहिलेली पत्रे आहेत, हिशेब आहेत. कोणा शिपायाला मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचे एक पत्र आहे. एका हिशेबात गंबॅक्स नावाच्या माणसापुढे दोन दिनारांची मिरी मांडली आहे. त्या काळी रोमन लोकांकडे मिरी जाई ती आपल्या मलबार किनाऱ्यावरून. केवढा हा प्रवास!

पण मन अडकले ते एका बाईच्या पत्रात. इ. स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेराने सुल्पिशिया लेपिडिना या किल्लेदाराच्या पत्नीला आपल्या वाढदिवसाचे निमंत्रण धाडले. तारीख आपल्या हिशेबाने ११ सप्टेंबर. मजकूर लेखनिकाने सुबक लिहिला आहे. पण शेवटच्या ओळी सेव्हेराने स्वतःच्या हाताने, जरा वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिल्या आहेत. त्यांत ती लेपिडिनेला बहीण म्हणते आणि तिची वाट पाहीन असे सांगते. स्त्रीच्या हातचे लॅटिन लेखन जे आजवर सापडले आहे, त्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी हे एक. मूळ पत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

लेपिडिना गेली की नाही, हे पत्रावरून कळत नाही. भगिनींनो, त्या प्रश्नाने मला घर गाठेपर्यंत सोडले नाही.

आता ती कबुली. अकरा वर्षांपूर्वी पापडविक्रीच्या हिशेबात तीनशे चाळीस रुपये कमी भरले. भर सभेत मी एका भगिनीला नको तो शब्द बोलले. त्या उठून गेल्या आणि पुन्हा मंडळात आल्या नाहीत. पुढे सहा महिन्यांनी उडदाच्या पिठाची पावती माझ्याच जुन्या पर्समध्ये सापडली. ती मी कोणाला दाखवली नाही. दोन संक्रांतींना त्यांचे हळदीकुंकवाचे बोलावणे आले, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. मी गेले नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती. तिसऱ्या वर्षी चिठ्ठी आली नाही.

परत आल्यावर मी ती पावती घेऊन त्यांच्या दारी गेले. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, "चहा ठेवते. साखर किती घेता हल्ली?" एवढेच. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. तो शब्द मी सर्वांसमोर बोलले होते, म्हणून आज तो सर्वांसमोरच परत घेते.

एक सूचना करते. मंडळ सोडून गेलेल्या जुन्या सभासदांची यादी करावी आणि पुढच्या वर्धापनदिनाचे निमंत्रण छापील धाडले, तरी खाली दोन ओळी कोणीतरी आपल्या हाताने लिहाव्यात. अक्षर वाकडे आले तरी चालेल.