नकाशा शिळा होतो तेव्हा

रविवारची सकाळ आहे. हाटपिपल्याच्या एका मराठी घरापुढे, निंबाच्या सावलीत एक मोटार उभी आहे, असे क्षणभर कल्पनेने पाहावे. पवारांच्या राज्यांबरोबर माळव्यात आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच रुजलेली अशी घरे देवास-धारच्या मुलखात आजही आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि सोयरे मात्र नाशिक-पुण्याकडे, असा त्यांचा प्रपंच. साहजिकच वर्षाकाठी दोन-तीन लांबचे प्रवास ठरलेले असतात. अशा या घरच्या मोटारीत नातू बसला आहे. इंजिनावरचे झाकण मिटलेले आहे. पाने, पकड, तेलाचे फडके यांपैकी काहीच बाहेर काढलेले नाही. इंजिन सुरू आहे, पण मोटार जागची हालत नाही.

“काय रे, बिघडलं काय?” ओट्यावरून आजोबा विचारतात.

“बिघडलं काही नाही, आजोबा. गाडीतला नकाशा जुना झालाय. नवा घालतोय.”

“नकाशा जुना व्हायला काय झालं? धुळं आहे तिथंच आहे, अन्‌ नाशिकही आहे तिथंच आहे!”

आजोबांच्या या बोलण्यात थोडी थट्टा आहे. परंतु आजच्या विषयाचे सारे मर्मही त्यातच आहे. धुळे जागचे हलत नाही, मग नकाशा शिळा होतो कसा? आणि तो शिळा झाला, तर घरच्या घरी ताजा कसा करावयाचा?

मोटारीतील वाट दाखविणारे यंत्र दोन निरनिराळ्या गोष्टींवर चालते, आणि त्यांतील भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे आकाशातील उपग्रह. जीपीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेतील उपग्रह वीस हजार किलोमीटरांहून अधिक उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि आपली जागा व आपली अचूक वेळ अखंड सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, म्हणजे ते पोहोचण्यास लागलेल्या अतिसूक्ष्म अवधीवरून मोटारीतील यंत्र आपले अक्षांश व रेखांश काढते. पण उपग्रहाचे काम येथे संपले. तो एवढेच सांगतो की, तुम्ही पृथ्वीच्या पाठीवर अमुक बिंदूवर आहात. त्या बिंदूपाशी रस्ता आहे की नाला, पुढचा पूल उभा आहे की वाहून गेला, हे त्या उपग्रहाला ठाऊक नसते. ते सांगणारी दुसरी गोष्ट म्हणजे यंत्राच्या पोटात साठविलेला नकाशा. तो माणसांनी तयार केलेला असतो, आणि एका ठरावीक तारखेपर्यंतच्या माहितीवरून केलेला असतो. त्या तारखेनंतर जगात जे घडले, त्याचा त्याला पत्ताही नसतो.

नकाशा पुन्हा तपासून घेण्याची ही गरज काही आजच्या यंत्रयुगाने निर्माण केलेली नाही. भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ १८०२ साली विल्यम लॅम्बटन याने मद्रासेजवळ केला, आणि तीच मोजणी उत्तरेकडे नेता नेता १८२३ साली वऱ्हाडाच्या सीमेपलीकडे हिंगणघाट येथे त्याने देह ठेवला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने आजच्या विदिशा जिल्ह्यातील सिरोंज येथे १८२४-२५ मध्ये साखळीने एक आधाररेषा मोजली. पुढे अधिक अचूक साधने हाती आली, तेव्हा तीच रेषा १८३७-३८ मध्ये त्याने पुन्हा मोजून घेतली. जमीन तीच होती, मोजणाराही तोच होता. परंतु आपल्या जुन्या मापावर विसंबून राहणे त्याला मान्य झाले नाही. शेकडो माणसांनी उन्हातान्हात केलेले काम दुसऱ्यांदा करण्यास जी सचोटी लागते, तिचेच एक लहानसे रूप म्हणजे आज अंगणात चाललेले हे काम होय.

आता आजोबांच्या धुळ्याकडे वळू. देवासहून इंदूरमार्गे धुळ्यास जाणारा रस्ता कित्येक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ म्हणून ओळखला जाई. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले आणि हा भाग क्रमांक ५२ मध्ये गेला. रस्ता तोच, पण पाटी निराळी. २०२२ मध्ये होशंगाबादचे नर्मदापुरम्‌ झाले, २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नकाशात नवे नाव शोधू गेल्यास यंत्र गप्प बसते. नावांची गोष्ट राहो. रस्तेदेखील नवे होतात. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरांचा भाग ५ जून २०२५ रोजी. नाशिकचा मुक्काम आटोपून कल्याणकडे निघालेल्या माळव्यातील कुटुंबाला जुना नकाशा हा रस्ता दाखविणारच नाही. आणि चुकून त्यावर मोटार गेलीच, तर पडद्यावर ती मोकळ्या डोंगरातून धावताना दिसेल.

नकाशाबरोबरच, त्या यंत्राला चालविणारी जी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, तीही जुनी होते. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजून तारीख सांगतात. परंतु त्यांच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा १०२३ च्या पुढे जात नाही. ६ जानेवारी १९८० पासून चाललेली ही मोजणी ऑगस्ट १९९९ मध्ये एकदा आणि एप्रिल २०१९ मध्ये दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या यंत्रांच्या आज्ञावलीत या वळणाची सोय नव्हती, त्यांची तारीख एकोणीस-वीस वर्षे मागे जाण्याचा धोका होता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत होंडा कंपनीच्या पुष्कळ जुन्या मोटारींतील घड्याळे एकाएकी २००२ साल दाखवू लागली, हेही या संदर्भात आठवण्यासारखे आहे.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. गाणी, दूरध्वनी, नकाशा हे सारे एकाच पडद्यामागच्या यंत्रात आले आणि ते यंत्र मोबाइलच्या जाळ्याशी जोडले गेले, तेव्हा बाहेरच्या माणसालाही मोटारीत शिरण्याची एक वाट मिळाली. जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या दोन अमेरिकी संशोधकांनी आपल्या घरी बसून, कित्येक मैलांवरून, महामार्गावर धावणाऱ्या एका जीप मोटारीचा ताबा याच वाटेने घेऊन दाखविला. चालवणारा पत्रकार या प्रयोगास स्वतःहून तयार झालेला होता. तरीही मोटारीचा वेग आपोआप कमी होताना त्याला काही करता येईना. त्यानंतर त्या कंपनीला चौदा लाख मोटारींची आज्ञावली बदलावी लागली, आणि त्यासाठी तिने मालकांच्या घरी टपालाने पेन ड्राइव्ह धाडले. ज्याला आपण घरगुती काम म्हणतो, ते त्या वेळी लाखो अंगणांत सुरक्षिततेचे काम म्हणून करावे लागले. मात्र तेव्हाच काही जाणत्यांनी एक सावधगिरीची सूचनाही दिली होती. टपालाने आलेली वस्तू डोळे मिटून मोटारीत खुपसण्याची सवय लोकांना लागली, तर उद्या दुष्ट हेतूनेही कोणी तशीच वस्तू धाडील. ही सूचना आजही ध्यानात ठेवावी.

तेव्हा हे काम करावयाचे कसे? त्यात विद्वत्तेपेक्षा धीर अधिक लागतो. प्रथम मोटारीच्या पडद्यावर यंत्राची माहिती देणारे पान उघडून आज्ञावलीचा व नकाशाचा चालू क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा. साठविलेले पत्तेही लिहून ठेवावेत, कारण नव्या भरणीत ते कधी कधी पुसले जातात. मग मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच, आपले मॉडेल व मागितल्यास नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक देऊन, नवी भरणी संगणकावर उतरवून घ्यावी. बाजारात कोणी स्वस्तात देतो म्हणून घेऊ नये. ही भरणी बरीच मोठी असते. वीज जाण्याचा भरवसा नसेल, तेथे रात्रीची शांत वेळ निवडणे बरे.

पेन ड्राइव्ह रिकामा व चांगल्या प्रतीचा असावा, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या पद्धतीनेच तो तयार करावा. फॅट३२ या पद्धतीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, हे ठाऊक नसल्याने पुष्कळांचा दिवस वाया जातो. फायली सांगितलेल्या जागीच ठेवाव्यात. कित्येक यंत्रे एखाद्या कप्प्यात लपलेल्या फायलींकडे बघतसुद्धा नाहीत.

मोटार सपाट जागी, हातब्रेक लावून उभी करावी. भरणी चालू असता बॅटरी उतरू नये, म्हणून अनेक पुस्तिका इंजिन सुरू ठेवण्यास सांगतात. तसे असेल तर मोटार उघड्या अंगणातच हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. टाकीत पुरेसे इंधन आहे, हेही आधी पाहावे. एकदा काम सुरू झाले, की अर्धा तास लागो वा तासाहून अधिक लागो, पेन ड्राइव्ह काढू नये आणि किल्लीला हात लावू नये. मध्यंतरी पडदा काळा होतो, यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होते, आणि अशा वेळी उतावीळ माणूस घाबरून सारे बंद करतो. अर्धवट भरलेले यंत्र मग जुनेही राहत नाही आणि नवेही होत नाही. ते कार्यशाळेत न्यावे लागते, आणि प्रसंगी सबंध बदलावे लागते. काम संपल्यावर नवा क्रमांक ताडून पाहावा. मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा, रेडिओ व दूरध्वनीची जोडणी नीट चालते, याची खात्री करून मगच रस्त्यावर यावे. ज्या नव्या मोटारी ही भरणी आपणहून हवेतून घेतात, त्यांच्या मालकांनीही ती झाली की नाही, हे अधूनमधून पाहिले पाहिजे.

इतके केल्यावर मन निर्धास्त होते. आणि नेमक्या त्याच वेळी सावध राहावयाचे असते. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाई शिखराकडे निघालेले तिघेजण रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यात, यंत्राने दाखविलेल्या रस्त्याने चालले होते. त्या रस्त्यावर एक पूल होता, आणि नकाशातही तो होता. परंतु पिंपळगाव खांड धरणाचे पाणी सोडले, म्हणजे वर्षातील काही महिने तो पाण्याखाली जातो. मोटार अंधारात पाण्यात शिरली. दोघे पोहून बाहेर पडले. चालवणाऱ्यास जलसमाधी मिळाली. येथे नकाशा खोटा नव्हता. पूल खरोखरीच तेथे होता. पण त्या रात्री तो पूल नव्हता, आणि ती गोष्ट शेजारच्या गावातील कोणीही शेतकरी सांगू शकला असता.

म्हणून नकाशा ताजा ठेवणे हे कर्तव्य खरे. परंतु त्या कर्तव्याने समोर पाहण्याच्या कर्तव्यातून सुटका होत नाही. किंबहुना, आपल्या नकाशाची तारीख ज्याला पाठ आहे, तोच त्या तारखेनंतरच्या गोष्टींविषयी सावध राहतो. पडदा कितीही उजळ असला, तरी अनोळखी वाटेवर, रात्री, पावसात, पाणी दिसताच मोटार थांबवावी, काच खाली करावी आणि माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

अंगणातील काम आता संपले आहे. पडद्यावर नवा क्रमांक आला आहे. आजोबा काठी टेकीत मोटारीपाशी येतात आणि आत डोकावतात.

“म्हणजे आता याला सगळं कळतं?”

“सगळं नाही, आजोबा. या तारखेपर्यंतचं कळतं.”

“अन्‌ त्याच्या पुढचं?”

“पुढचं वाटेत विचारायचं.”

आजोबा काही बोलत नाहीत. मोटारीच्या खणात एक जुनी वही असते. इंजिनातील तेल कधी बदलले, चाकांत हवा कधी भरली, याच्या नोंदी ते तिच्यात स्वतःच्या हाताने करीत आले आहेत. ती वही ते मागून घेतात, चश्मा लावतात, आणि तेलाच्या शेवटच्या नोंदीखाली नकाशाची तारीख लिहून ठेवतात.