तोंड उघडल्यानंतरचं काम

सहकारी डॉक्टर, विद्यार्थी मित्रहो, आणि आज मुद्दाम बोलावलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक,

मुख व जबडा शस्त्रक्रियेच्या आपल्या शाखेत अक्कलदाढेपासून अपघातात मोडलेल्या जबड्यापर्यंत पुष्कळ काही येतं. पण नागपुरात उभं राहून खर्ऱ्याबद्दल, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या मिश्रणाबद्दल, न बोलणं मला जमणार नाही. म्हणून आज फक्त सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे हळूहळू बंद होत जाणारं तोंड.

1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा आजार नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. तरीही ओपीडीत रोज ऐकू येतं, "डॉक्टर, मी तंबाखूला हात लावत नाही, नुसती सुपारी." नातेवाइकांनो, या आजाराचं मूळ सुपारीतच आहे. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजन साचत जातं, अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. गोड, सुगंधी, भाजलेली, कुठलीही सुपारी याला अपवाद नाही. महाराष्ट्रात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली, तेव्हा गिऱ्हाईक खर्ऱ्याकडे आणि तशाच मिश्रणाच्या माव्याकडे वळलं. सुपारी सुटली नाहीच.

पहिली खूण म्हणजे जळजळ. घरातले सगळे जी भाजी खातात ती एकालाच तिखट लागते. मग पाणीपुरी तोंडात मावेनाशी होते. पुष्कळ तरुण पोरं नेमकी तेव्हा आमच्याकडे येतात. आरशासमोर स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर दाखवायला या. या टप्प्यावर सुपारी सोडणं, औषधं आणि व्यायाम यांनी पुष्कळ काही हाती लागतं.

बोटभरच तोंड उघडत असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात आम्ही पट्टे कापतो, बऱ्याचदा अक्कलदाढा काढतो आणि उघडी पडलेली जागा गालातल्याच चरबीने किंवा नाकाशेजारच्या त्वचेने झाकतो. याआधी भूलतज्ज्ञाची कसरत असते. तोंड उघडत नसल्यामुळे श्वासाची नळी नाकातून, दुर्बिणीच्या आधाराने, अनेकदा रुग्ण जागा असतानाच घालावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर टेबलावर रुग्ण घाबरतो, आणि ते घाबरणं साहजिक आहे. त्याला आदल्या दिवशी भूलतज्ज्ञाशी बोलायला दहा मिनिटं मिळाली पाहिजेत.

टेबलावर आम्ही 35 मिलिमीटर तोंड उघडून दाखवतो. फोटो निघतात, परिषदेत दाखवले जातात. मला त्या फोटोंचा फारसा भरवसा वाटत नाही. सहा महिन्यांनंतरचा फोटो दाखवा. जखम भरताना आकसतेच, आणि त्या आकसण्याला अडवणारा एकच उपाय आहे: दिवसातून अनेकदा, दुखत असतानाही, लाकडी पट्ट्या किंवा जबडा उघडायचं यंत्र वापरून केलेला व्यायाम. तो शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच सुरू होतो आणि निदान सहा महिने चालतो. घरातल्या एकाने तरी मागे लागावं लागतं. खरं तर नातेवाइकांना इथे बोलावलं ते यासाठीच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तोंड उघडलं तरी कर्करोगाचा धोका संपत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला की तपासणीसाठी तुकडा काढू द्या. सुरी लागली की रोग पसरतो, या समजुतीपायी लोक महिनोन्‌महिने घरी बसतात आणि व्रण मात्र वाढत राहतो.

सहकाऱ्यांना एवढीच विनंती: डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीच्या वर आजचं माप मिलिमीटरमध्ये लिहा, खाली कोरे रकाने ठेवा. रुग्णाला घरी पट्टीने मोजायला शिकवा, आणि पुढच्या भेटीला रकाने भरलेले नसतील तर त्याला ओरडण्याआधी आपण ते समजावून सांगितलं होतं का, हे तपासा.