काटकसर कोणाच्या ताटांतली?



काटकसर हा शब्द ऐकतांच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. कारण काटकसर आणि कंजूषपणा हीं एकाच घरचीं भावंडें आहेत, असा आपला समज असतो. वस्तुतः कंजूष मनुष्य पैसा जपतो, काटकसरी मनुष्य पैशानें साधावयाचें सुख जपतो. हा भेद मला एका कडू अनुभवानें शिकविला.

माझ्या लहानपणीं वडिलांची जमाखर्चाची वही मोठी चोख असे. महिनाअखेर शिल्लक पडली कीं, ती ते आम्हां मुलांस कौतुकानें वाचून दाखवीत. ती शिल्लक कोठून येते, हें मात्र वहींत लिहिलेलें नसे. एके दिवशीं आई चुलीपाशीं घेरी येऊन पडली. डॉक्टरांनीं अंगांत रक्त कमी असल्याचें सांगून विचारलें, "रोज काय खातां?" आई गप्प राहिली. उत्तर आम्हां मुलांस ठाऊक होतें. सर्वांचीं पानें उठल्यावर उरेल तें तिच्या वांट्यास येई, आणि दूध तर कधींच उरत नसे. औषधपाण्यांत सहा महिन्यांची शिल्लक खर्ची पडली. त्यानंतर वडिलांनीं वहींत दुधाचें स्वतंत्र सदर उघडलें आणि त्यांत पहिलें नांव आईचें घातलें.

म्हणून पहिला नियम हा कीं, काटकसर अन्नावर व प्रकृतीवर करूं नये, आणि घरांतील एकाच माणसाच्या जिवावर तर मुळींच करूं नये. मग ती करावी कोठें? जेथें पैसा जातो, पण सुख कोणासच मिळत नाहीं, तेथें.

स्वयंपाकघरापासूनच आरंभ करूं. कडधान्यें व डाळी आधीं भिजत घातल्या म्हणजे लवकर शिजतात. पाण्याला एकदां उकळी फुटली कीं, जाळ कितीही वाढविला तरी उघड्या भांड्यांतील पाणी अधिक तापत नाहीं. त्याची नुसती वाफ होते. तेव्हां उकळी येतांच जाळ मंद करावा व झांकण ठेवावें. एकावर एक डबे रचून एकाच जाळावर सबंध स्वयंपाक करण्याची युक्ति बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं आपल्या 'इकमिक कुकर'मध्यें योजिली होती. आजच्या प्रेशर कुकरांत वरण, भात व बटाटे एकदम लावणारी गृहिणी तीच युक्ति चालवीत असते.

दिव्यांचा हिशेब तर बोटांवर करतां येतो. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा रोज ५ तास जळला तर ३० दिवसांत ९ युनिटें वीज खातो. जवळजवळ तितकाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिटांत भागवितो. येथें कोणाच्याहि डोळ्यांस अंधार सोसावा लागत नाहीं. खरी काटकसर ती हीच.

कापडाच्या बाबतींत आपल्या आजीबाई आपल्याहून शहाण्या होत्या. लुगडें विरलें कीं त्याची गोधडी होई, गोधडी फाटली कीं पायपुसणें. आज उसवलेली शिवण दहा मिनिटांत घालतां येत असतां आपण सदरा टाकून देतों.

परंतु सर्वांत मोठें भोंक खरेदींत असतें. पूर्वीं बाजारास जावें लागे. वाटेंत विचारास वेळ मिळे. आतां मोबाईलवर बोट टेकतांच वस्तु दारीं येते, आणि पैसे नसले तर हप्ते आहेतच! दरमहा १,००० रुपयांचे १२ हप्ते म्हणजे १२,००० रुपये. तीच वस्तु रोखीनें १०,५०० रुपयांस मिळत असेल, तर १,५०० रुपये आपल्या उतावळेपणाची किंमत होय. यावर एक साधा उपाय सांगतों. हवीशी वाटलेली वस्तु वहींत लिहून ठेवावी व आठ दिवसांनीं पुन्हा तें पान उघडावें. पुष्कळ वस्तूंची गरज तोंवर आपोआप मावळलेली असते.

ती वही मात्र घरांतील सर्वांनीं मिळून लिहावी. जो कमावतो त्यानेंच हिशेब ठेवावयाचा आणि जी रांधते तिनेंच पोटाला चिमटा घ्यावयाचा, ही वांटणी न्यायाची नव्हे. आज रात्रीं शिलकेचा आंकडा पाहण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाच्या ताटाकडे एकदां नजर टाका. तीं सारीं सारखीं भरलेलीं असतील, तरच ती शिल्लक खरी.