दुर्मीळ ते आधी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय ‘व्हीपीएन, टॉरंट आणि कायदा’ असा छापलाय. मी कळवलेल्या विषयात ‘दुर्मीळ’ हा एक शब्द होता, तो छपाईत गळला. मला मात्र त्याच शब्दाबद्दल बोलायचंय. पुढच्या दोन रांगांत कॉलेजची मुलं दिसताहेत, ती कायद्यासाठी आली असणार, म्हणून कायदा आधी घेते. (हशा) आयपी पत्ता म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, हे मागच्या वर्षी याच व्यासपीठावर सविस्तर झालंय. ते सोडून देते.

व्हीपीएनचा जन्म चोरवाट म्हणून झालेला नाही. कंपनीच्या एका शाखेतल्या संगणकाला मुख्य कार्यालयाशी सार्वजनिक रस्त्यावरून खाजगी बोलता यावं, यासाठी ते आलं. लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरातली मुलं सकाळी नऊला ऑफिसचं व्हीपीएन जोडून बसायची, तेच हे. एरवी तुम्ही पत्र टाकता तेव्हा पाकीट बंद असलं तरी पत्ता पोस्टमनला दिसतो. तुमची इंटरनेट कंपनी हा तो पोस्टमन. व्हीपीएन लावलं की तुमचं पाकीट आणखी एका पाकिटात जातं आणि त्यावर फक्त व्हीपीएन कंपनीचा पत्ता असतो. वरचं पाकीट त्या कंपनीत उघडतं आणि आतला पत्ता तिला कळतो. तुम्ही पोस्टमनवरचा विश्वास काढून त्या कंपनीवर ठेवला, इतकंच घडलं.

म्हणून फुकटचं व्हीपीएन घेताना दहादा विचार करा. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो नावाची कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन तुमची माहिती जपतं म्हणून सांगायचं आणि लोक कुठलं अ‍ॅप किती वेळ वापरतात ते फेसबुकला पुरवायचं. ते २०१९ मध्ये बंद झालं आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

भारतात व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का? नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी तात्पुरत्या बंदीचे आदेश काढलेत, तो अपवाद. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले, त्यानुसार व्हीपीएन कंपनीने ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी पत्ता पाच वर्षं जपून ठेवायचा. त्यावर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले. बंधन कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही. पण जे काम उघड्यावर बेकायदा आहे, ते व्हीपीएनच्या बोगद्यातून केलं तरी बेकायदाच राहतं.

आता टॉरंट. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण या यंत्राचं मला मनापासून कौतुक आहे. ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने २००१ मध्ये बिटटॉरंट जगापुढे आणलं. एखादी मोठी फाइल शेकडो तुकड्यांत कापायची. प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा काढून ठेवायचा, म्हणजे कुणी एक अक्षर बदललं तरी तो तुकडा नापास होतो. मग ज्याला फाइल हवी तो एकाच्याच दारात उभा राहत नाही. वेगवेगळ्या लोकांकडून वेगवेगळे तुकडे घेतो आणि हाती आलेला तुकडा लगेच पुढच्याला देऊ लागतो. ज्याच्याकडे सगळे तुकडे आहेत आणि जो नुसता वाटत बसलाय, त्याला म्हणतात सीडर. सीड म्हणजे बी. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणाला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

आणि आता माझा शब्द. कुठला तुकडा आधी मागायचा, याचा या यंत्रात एक नियम आहे. त्या क्षणी सगळ्या मंडळींत जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे, तो आधी मागायचा. दुर्मीळ ते आधी! दहा जणांकडे असलेला तुकडा नंतरही मिळेल. एकाकडेच असलेला तुकडा त्याने संगणक बंद केला की सगळ्यांसाठी गेला. इतका शहाणा नियम मी आपल्या कुठल्याही सांस्कृतिक खात्याच्या परिपत्रकात वाचलेला नाही, आणि हे मी रागाने नाही, दुःखाने म्हणते.

हो, हो, कायदा. मागून एक काका खुणावताहेत.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. प्रत काढण्याचा आणि ती लोकांपर्यंत पोचवण्याचा हक्क मालकाचा. परवानगीविना ते केलं तर कलम ५१ खाली हक्कभंग. जाणूनबुजून केलं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. टॉरंटवर तुम्ही घेता घेता वाटतही असता, आणि तुमचा आयपी पत्ता त्या फाइलच्या मागे असलेल्या प्रत्येकाला दिसतो. ‘मी फक्त माझ्यापुरतं उतरवलं’ असं सांगायची सोय हे यंत्र ठेवत नाही.

पण घाबरवणंही मला मान्य नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बंद केलेली साइट उघडली की पडद्यावर एक इशारा यायचा. त्यात पाहणं, उतरवणं, दाखवणं, प्रत काढणं सगळं एका ओळीत गुन्हा ठरवलं होतं आणि तीन लाखांपर्यंत दंड लिहिला होता. माझ्याकडे एक मुलगा आला होता, चुकून लिंक दाबली म्हणून रात्रभर झोपला नव्हता. कलम ६३ मध्ये दोन लाख, इशाऱ्यात तीन! त्याच सुमाराला ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नुसतं पाहणं हा गुन्हा नाही असं स्पष्ट केलं आणि इशाऱ्याची भाषा सुधारायला लावली. त्या मुलाला मी चहा पाजून घरी पाठवलं.

(श्रोत्यांतून : मग मॅडम, पाहायला हरकत नाही ना? मोठा हशा.)

बसा, बसा. गुन्हा नसणं आणि योग्य असणं यांत अंतर आहे, ते तुम्हालाही ठाऊक आहे. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शित होण्याच्या दोनच दिवस आधी इंटरनेटवर फुटला. मी त्याचं समर्थन करत नाही आणि करणार नाही. दिवे वाहणाऱ्यापासून दिग्दर्शकापर्यंत दोनशे माणसांचं पोट त्या पहिल्या आठवड्यावर असतं. मागे एका ठिकाणी हेच व्याख्यान दिल्यावर एका गृहस्थांनी मला चोरांची वकील म्हटलं होतं. मी चोरांची वकील नाही. मी हरवलेल्यांची वकील आहे, आणि ते कसं ते सांगायला मला आता वेळ हवाय. अध्यक्षमहोदय, चिठ्ठी मिळाली. अजून वीस मिनिटं आहेत असं माझं घड्याळ सांगतंय, पण सभागृहाचं मानते.

भारतात मूकपट बनले तेराशेच्या आसपास. उरले मूठभर. ‘आलम आरा’, १९३१ चा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज नाही. फाळक्यांचं जे थोडंफार आपण पाहू शकतो, त्यामागे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांची पायपीट आहे. फाळके कुटुंबाकडे जाऊन त्यांनी ती रिळं मिळवली. आणि त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळं जळाली. नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, ते चित्रपट राहिले. बाकीच्यांची नावं यादीत आहेत.

आपला कायदा इथे आडवा येत नाही हो! पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. आधी पन्नास होती. १९९१ च्या अखेरीस रवींद्रनाथांचा हक्क संपत आला, तेव्हा वटहुकूम काढून दहा वर्षं वाढवली. सानेगुरुजी गेले १९५० मध्ये, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं तुमची-माझी आहेत. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं. बोलपटाच्या पोटात गीत-संगीताचे आणखी हक्क असतात, ते आज सोडते, पण फाळक्यांचे मूकपट निःसंशय मोकळे आहेत. हे टॉरंटवर वाटणं पूर्ण कायदेशीर आहे. कलम ५२ तर याहून पुढे जातं. बाजारात मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःसाठी काढता येतात आणि आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रतही ठेवता येते. २०१२ पासून ही दुसरी सोय आहे. किती ग्रंथालयांनी वापरली, तुम्हीच आपापल्या गावात विचारा.

माझे वडील ग्रंथपाल होते. त्यांच्या वाचनालयात आपल्या गावच्या विहिरींवरची एक पुस्तिका होती, चौसष्ट पानांची, एका शाळामास्तरांनी पदरमोड करून छापलेली. कुठली विहीर कुणी बांधली, पाणी किती पुरुष, कुठल्या उन्हाळ्यात आटली, सगळं. दुसरी प्रत कुणाकडे असल्याचं ठाऊक नव्हतं. १९८८ मध्ये एका अभ्यासकाने ती नेली. वडिलांनी आधी झेरॉक्स काढू या म्हटलं, तो म्हणाला आठ दिवसांत आणतो. पुस्तिका परत आली नाही. वडील निवृत्त होईपर्यंत देवघेवीच्या रजिस्टरमधली ती ओळ त्यांनी खोडली नाही. दर दिवाळीत त्या माणसाला पत्र लिहायचे.

ते गेल्यावर मी शोध सुरू केला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ड्राफ्ट्समनकडे झेरॉक्सची झेरॉक्स निघाली, पानं १ ते ३०. विहिरी खोदणाऱ्या एका कुटुंबात सांगलीला मूळ पुस्तिकेची सुटी पानं होती, ३५ ते ५०, हळदीकुंकवाच्या डागांसकट, कारण ते लोक दसऱ्याला अवजारांबरोबर तिची पूजा करायचे. आणि मास्तरांची नात इंदूरला असते. तिने शाळेत असताना आजोबांच्या आठवणीसाठी शेवटची वीस पानं वहीत उतरवून घेतली होती. ४५ ते ५० ही पानं दोघांकडे आली, ती मी ताडून पाहिली, शब्दाला शब्द जुळला. मास्तर १९५१ मध्ये वारले. हक्क २०११ संपताना संपला. मी सगळं स्कॅन केलं, टॉरंट बनवलं, आणि आज ती फाइल सात संगणकांवर आहे. त्यातला एक ऑस्ट्रेलियात आहे, या गावच्या मुलाचा.

घंटा झाली. प्रश्नोत्तरं होणार नाहीत असं दिसतं, क्षमस्व. दोनच गोष्टी. ज्यांना ती फाइल हवी त्यांनी उद्या सकाळी दहा वाजता वाचनालयात पेनड्राइव्ह घेऊन या. संगणक चालू ठेवून वाटत राहायची तयारी असेल तर ते कसं करायचं, हे पुढच्या रांगेतली ही मुलं दाखवतील, मी त्यांना आत्ताच कामाला लावतेय. (टाळ्या)

दुसरी गोष्ट. मधला कागद पिनेतून निसटलेला आहे. पान ३१ ते ३४. अनुक्रमणिकेवरून कळतं की या चार पानांत पूर्वेकडच्या पेठेतल्या, म्हणजे हे सभागृह जिथे आहे त्या भागातल्या विहिरी आहेत. आज इथे चारशे माणसं आहेत, बहुतेक याच पेठेतली. घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडा, जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात बघा. कागद पिवळा आहे, वहीच्या पानापेक्षा थोडा लहान, आणि वरच्या कोपऱ्यात रहाटाचं चित्र आहे.